चेहरा दाखवण्याआधी : ‘टेक ऑन मी’च्या दोन व्हिडिओंचा प्रकरण अभ्यास

म्युझिक व्हिडिओच्या संकेतांवर, म्हणजे त्याच्या रूढ रीतींवर, लिहिणाऱ्याला एक अडचण सुरुवातीपासूनच भेडसावते. व्हिडिओ गाजला की त्यातला प्रत्येक संकेत किती नेमका वापरला होता हे मागाहून दाखवून देता येते, आणि जे व्हिडिओ गाजले नाहीत ते अभ्यासाला कोणी घेतच नाही. त्यामुळे संकेत पाळल्याने काय साधते आणि ते पाळूनही कुठे काहीच साधत नाही, याचा उलगडा होत नाही. एकाच गाण्याला दोन अगदी निराळे व्हिडिओ लाभले, त्यांतला एक विस्मृतीत गेला आणि दुसरा चाळीस वर्षांनीही आवडीने पाहिला जातो, असे उदाहरण हाती लागले तर ही अडचण काही अंशी दूर होते. नॉर्वेच्या आ-हा या तिघांच्या बँडचे ‘टेक ऑन मी’ हे गाणे तसे उदाहरण आहे.

दोन्ही व्हिडिओंमागची व्यावसायिक गरज एकच होती : कोणालाही ठाऊक नसलेल्या गायकाचा चेहरा प्रेक्षकाच्या मनात ठसवणे. पहिल्या व्हिडिओने ती गरज सरळ, चेहरा दाखवूनच भागवली. दुसऱ्याने चेहरा दाखवणे लांबणीवर टाकले आणि तो दिसेल की नाही, हीच आपली गोष्ट केली. या दुसऱ्या व्हिडिओचे यश सहसा त्याच्या पेन्सिलचित्रांच्या तंत्राला दिले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. तंत्राने जे शक्य केले ते मुळात संकेताची वेगळी मांडणी हे होते, असे या अभ्यासाचे म्हणणे आहे.

प्रकरणाची पार्श्वभूमी

पॉल वाक्टार, मॅग्ने फुरुहोल्मन आणि गायक मॉर्टेन हार्केट यांचा हा बँड १९८२ मध्ये ऑस्लोत उभा राहिला आणि नशीब काढण्यासाठी लंडनला गेला. ‘टेक ऑन मी’चे पहिले ध्वनिमुद्रण टोनी मॅन्सफील्ड यांच्या निर्मितीत १९८४ मध्ये बाहेर आले. त्यासाठीच्या व्हिडिओत बँड निळ्या पार्श्वभूमीवर गाताना दिसतो. पुढे ॲलन टार्नी यांच्या निर्मितीत गाणे नव्याने ध्वनिमुद्रित झाले. ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत वर चढण्यासाठी या गाण्याला दोन ध्वनिमुद्रणे आणि तीन प्रकाशने लागली, ही नोंद महत्त्वाची आहे. कारण गाणे चांगले होते म्हणून ते आपोआप वर आले, हे सोपे स्पष्टीकरण तिच्यापुढे टिकत नाही.

दुसरा व्हिडिओ १९८५ मध्ये स्टीव्ह बॅरन यांनी दिग्दर्शित केला. रेखाचित्रांचे काम मायकेल पॅटरसन आणि कँडेस रेकिंगर या जोडीचे होते. रोटोस्कोपिंग या पद्धतीत आधी जिवंत माणसांवर चित्रीकरण करतात आणि मग त्या फिल्मवरून एकेक चौकट हाताने गिरवतात. ही पद्धत मुळीच नवी नव्हती. मॅक्स फ्लायशर यांना तिचे पेटंट १९१७ मध्येच मिळाले होते. या व्हिडिओसाठी सुमारे ३,००० चौकटी गिरवण्यात आल्या आणि त्याला १६ आठवडे लागले. गाणे १९ ऑक्टोबर १९८५ च्या अमेरिकी बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिल्या क्रमांकावर होते, ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, आणि एमटीव्ही या संगीतवाहिनीच्या १९८६ च्या पुरस्कारांत या व्हिडिओला दिग्दर्शनासह सहा पुरस्कार मिळाले. वर्षातील सर्वोत्तम व्हिडिओचा मान मात्र डायर स्ट्रेट्सच्या व्हिडिओकडे गेला, आणि त्याचेही दिग्दर्शक बॅरनच होते.

व्हिडिओत काय घडते

कॅफेत एक तरुणी चित्रकथेचे पुस्तक वाचत बसली आहे. ही भूमिका बंटी बेली यांची आहे. पानांवर साइडकारच्या मोटारसायकलींची शर्यत चालू आहे आणि तिचा नायक म्हणजे पेन्सिलीने रेखाटलेला हार्केट. एका चौकटीतून तो वाचणारीला डोळा मारतो. मग पानातून एक हात बाहेर येतो. हा हात छायाचित्रित कॅफेत आला तरी रेखाटलेलाच राहतो. खऱ्या टेबलावर, खऱ्या प्रकाशात, कागदातून उगवलेला रेघांचा हात. तरुणी तो धरते, आत ओढली जाते आणि स्वतः रेघांची होते.

आत नायक तिला एक रिकामी, आरशासारखी चौकट दाखवतो. तिच्यातून जो दिसतो तो हाडामांसाचा दिसतो. तिच्या कडेबाहेर आला की पुन्हा पेन्सिलीचा होतो. दोघे या चौकटीच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांकडे पाहतात, तिच्याभोवती फिरतात. इकडे बाहेर बिल घेऊन आलेली वाढपीण टेबल रिकामे पाहून गिऱ्हाईक पैसे न देता गेले असे समजते, पुस्तक चुरगळते आणि कचऱ्याच्या डब्यात टाकते. चुरगळलेल्या जगात शर्यतीतले दोन प्रतिस्पर्धी मोठा पाना घेऊन येतात आणि चौकट फोडतात. कागदाच्या भुलभुलैयातून पाठलाग होतो. नायक भिंत फाडून तरुणीला बाहेर काढतो आणि स्वतः मागे राहतो. ती कॅफेत कचऱ्याच्या डब्याशेजारी सापडते, डब्यातले पुस्तक उचलून घरी पळते आणि पानांच्या सुरकुत्या हाताने सपाट करू लागते. पानावर नायक निपचित पडलेला आहे. मग तो उठतो, आपल्या चौकटीच्या कडांवर अंग आदळत राहतो, क्षणात रेघांचा तर क्षणात देहधारी दिसत राहतो आणि शेवटी तिच्या घरात माणूस म्हणून उभा राहतो.

चेहऱ्याची मागणी

म्युझिक व्हिडिओच्या संकेतांची आजही सर्वाधिक वापरली जाणारी मांडणी माध्यम-अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांची आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी ज्या बाबी पुढे आणल्या, त्यांत शब्द आणि दृश्य यांचे नाते, संगीत आणि दृश्य यांचे नाते, त्या त्या संगीतप्रकाराची ठरलेली दृश्ये, पाहण्याच्या क्रियेवरचा भर आणि इतर कलाकृतींचे संदर्भ यांच्या बरोबरीने रेकॉर्ड कंपनीची गरज हीही एक बाब आहे. कलाकार विकायचा असतो, म्हणून त्याचे क्लोज-अप हवेत आणि व्हिडिओगणिक परत परत येणारी त्याची अशी एखादी दृश्यखूणही हवी. विद्यार्थ्यांच्या लेखनात ही बाब बहुधा एका वाक्यात उरकली जाते, जणू ती कलेच्या बाहेरची कुरबुर आहे. प्रस्तुत प्रकरणात तीच मध्यवर्ती आहे.

१९८४ चा व्हिडिओ या मागणीला आज्ञाधारकपणे उत्तर देतो. चेहरे आहेत, गाणारे ओठ आहेत, सपाट रंगाची मोकळी पार्श्वभूमी आहे, आणि पाहणाऱ्याला त्या चेहऱ्यांविषयी काहीही वाटावे असे कारण मात्र कुठेच नाही. एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाल्यापासून अशा दृश्यांचा पडद्यावर तोटा नव्हता. क्लोज-अप ही ओळख करून देण्याची जागा आहे. पण जो अजून कोणीच नाही त्याची ओळख नुसत्या आकाराने होत नाही. चेहरा मोठा दिसतो, त्यापलीकडे काही नाही.

बॅरन यांच्या व्हिडिओत क्लोज-अपची रसद थांबवली आहे. सुरुवातीला हार्केट आहे तो केवळ रेखाचित्रात. येथे रोटोस्कोपिंगचा उपयोग शोभेपेक्षा फार खोल जातो. ही रेघ कोणी मनाने काढलेली नाही, ती खऱ्या चेहऱ्यावरून गिरवलेली आहे; म्हणून तिच्यात त्याची मान वळवण्याची ढब आणि जबड्याची ठेवण उतरली आहे, आणि त्वचा मात्र उतरलेली नाही. चेहरा अर्धा दिला आणि अर्धा राखून ठेवला. उरलेला अर्धा पाहावासा वाटणे ही प्रेक्षकाची इच्छा होते, आणि नेमकी तीच त्या तरुणीचीही इच्छा असते. आरशासारख्या चौकटीत हार्केटचा छायाचित्रित चेहरा समोर येतो तेव्हा कंपनीला हवा असलेला क्लोज-अप कथेतील एक घटना होऊन येतो. तोच चेहरा पुढच्या क्षणी कडेबाहेर सरकून पुन्हा रेघांत हरवतो. तारांकित चेहऱ्याची किंमत या सरकण्यात ठरते.

चित्रपट-अभ्यासक रिचर्ड डायर यांनी १९७९ पासून चित्रपटतारकांविषयी जे मांडले ते येथे कामी येते. तारा म्हणजे एखादी व्यक्ती नव्हे, ती अनेक सामग्रींतून रचलेली प्रतिमा असते. आणि त्या प्रतिमेत दोन विसंगती सतत नांदतात. तारा आपल्यासारखाच सामान्य हवा आणि आपल्याहून असामान्यही हवा. तो जवळ हवा आणि हाती न लागणाराही हवा. एखाद्या गायकाभोवती ही रचना उभी व्हायला मुलाखती, छायाचित्रे, मैफली यांची काही वर्षे जातात. आ-हाकडे ती वर्षे नव्हती. व्हिडिओने ही विसंगती थेट दोन दृश्यद्रव्यांत वाटून टाकली : पेन्सिलीचा हार्केट हा असामान्य आणि अप्राप्य, तर छायाचित्रातला हार्केट हा सामान्य आणि जवळचा. पहिल्याने दुसरा व्हावे म्हणून भिंतींवर अंग आदळणे, म्हणजे तारा-प्रतिमेच्या घडणीचेच चित्र म्हणता येईल. नवख्या बँडच्या जाहिरातीत इतकी उघड कबुली विरळाच आढळते.

कोण कोणाकडे पाहते

चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ च्या निबंधात अभिजात हॉलिवूड चित्रपटांविषयी म्हटले की पाहणारी नजर पुरुषी असते आणि स्त्री पाहिली जाण्यासाठी पडद्यावर ठेवलेली असते. म्युझिक व्हिडिओंना हे विवेचन इतके सहज लागू पडते की त्याचे यांत्रिक पाढे बनले आहेत. प्रस्तुत व्हिडिओत पाहणारी स्त्री आहे आणि पाहिला जाणारा देखणा पुरुष, म्हणून येथे पुरुषी नजर उलटली असा निष्कर्ष लगेच काढला जातो. तो घाईचा आहे.

चोरून पाहण्याच्या सुखाची एक अट असते : ज्याला पाहायचे त्याला आपण पाहतो आहोत हे कळता कामा नये. डोळा मारण्याची कृती ही अट मोडते. तरुणी पाहत असते तोवर तिची नजर मोकळी आहे. नायकाने उलट पाहिले की तीही पाहिली जाऊ लागते, आणि पुढच्याच क्षणी ती त्याच्या जगात, त्याच्याच द्रव्याची बनून, त्याच्यावर अवलंबून असते. वाट दाखवणारा तो, भिंत फाडणारा तो, मागे राहून त्याग करणारा तो. कर्तेपणाचे वाटप जुन्याच पद्धतीचे राहिले आहे. ते पालटते पाठलागानंतर. कचऱ्यातून पुस्तक काढणे, ते घरी नेणे आणि पान सपाट करणे ही कामे तिची आहेत. लढाईच्या मानाने ती किरकोळ वाटतील, पण त्यांच्यावाचून नायकाला चौकटच उरली नसती. रेकॉर्ड जपणारी, कात्रणे ठेवणारी चाहती संगीत-उद्योगाला हवीच असते; येथे तिच्या जपणुकीला जीव वाचवण्याचे मोल दिले आहे. अखेरची धडपड पुन्हा नायकाची आहे, हेही नोंदवायला हवे.

डोळा मारण्याचे दुसरे महत्त्व माझ्या मते याहून मोठे आहे. कथाचित्रपटात पात्राने कॅमेऱ्यात पाहायचे नसते, आणि म्युझिक व्हिडिओत गायकाने कॅमेऱ्यात पाहिलेच पाहिजे असा जवळपास दंडक आहे. त्यामुळे कथा सांगणाऱ्या व्हिडिओंची नेहमी कुतरओढ होते : गायक क्षणभर पात्र असतो, क्षणभर थेट आपल्याकडे पाहून गातो, आणि दोन्हींचा सांधा उसवलेला दिसतो. येथे तो सांधा जुळला आहे. पानातून बाहेर पाहणारा नायक वाचणारीकडे पाहतो, आणि त्या क्षणी कॅमेरा वाचणारीच्या जागी असल्यामुळे तो आपल्याकडेही पाहतो. जो संकेत कथेत खटकायचा तो कथेची पहिली कलाटणी होतो.

जाता जाता एक निरीक्षण. हा व्हिडिओ म्हणजे शेवटी एका रेकॉर्डची जाहिरात आहे, आणि त्यात पैशाचा उल्लेख येतो तो फक्त न भरलेल्या बिलाच्या रूपाने. व्यवहाराची आठवण करून देणारी वाढपीण हीच कागदी जगावर संकट आणते. जाहिरातीने व्यवहाराला खलपक्षात बसवावे, यातली चलाखी दाद देण्यासारखी आहे.

शब्द, सूर आणि रेघ

शब्द आणि दृश्य यांच्या नात्याचे सर्वसाधारणपणे तीन प्रकार मानतात : दृश्य शब्दांचे चित्र काढते, त्यांचा आशय वाढवते किंवा त्यांच्याशी फटकून राहते. गाण्यातला बोलणारा एक-दोन दिवसांत निघून जाणार आहे आणि त्याआधी आपला स्वीकार व्हावा अशी त्याची विनवणी आहे. व्हिडिओत यातले अक्षरशः काही दाखवलेले नाही. शर्यत, पाना, भुलभुलैया यांचा शब्दांत मागमूसही नाही. तरीही शब्दांतील तात्पुरतेपणाला दृश्याने एक द्रव्य दिले आहे. जो माणूस कागदाचा आहे तो कोणत्याही क्षणी चुरगळला जाऊ शकतो. हे आशय वाढवण्याचे लखलखीत उदाहरण म्हणून शिकवावे असे आहे.

संगीताच्या बाजूकडे व्हिडिओचे विश्लेषक पुष्कळदा दुर्लक्ष करतात. अभ्यासक ई. ॲन कॅप्लन यांनी १९८७ मध्ये एमटीव्हीला उत्तर-आधुनिक माध्यम म्हणून वाचले, त्यावर गुडविन यांचा मुख्य आक्षेप हाच होता की चित्रपट-सिद्धांताच्या भरात संगीत हरवले. त्यांचा आग्रह होता की आवाजाने डोळ्यांपुढे काहीतरी उभे राहते आणि व्हिडिओ त्या आधीच जागलेल्या दृश्यसंवेदनेवर काम करतो. या दृष्टीने पेन्सिलीच्या रेघांचे थरथरणे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक चौकट हाताने स्वतंत्र काढल्यामुळे स्थिर चेहऱ्याच्या कडाही किंचित हलत राहतात, छायांकनाच्या तिरप्या रेघा दर क्षणी बदलतात. चित्र शांत असतानाही पृष्ठभाग धावत असतो. सिंथेसायझरच्या वेगवान, टोचत्या सुरावटीला याहून साजेसे दृश्य सापडणे कठीण आहे. ठेक्यावर कट मारण्याची नेहमीची क्लृप्ती न वापरताही लय डोळ्यांना जाणवते.

गायनाचेही तसेच. ध्रुवपदात आवाज खालच्या पट्टीत सुरू होतो आणि टप्प्याटप्प्याने चढत शेवटी कृत्रिम वाटावा इतक्या उंच स्वरावर जातो. एकूण पल्ला अडीच सप्तकांहून अधिक आहे. हा चढ म्हणजे एका आवाजाचे आपल्याच मर्यादेवर जाऊन आदळणे आहे. व्हिडिओच्या अखेरच्या भागात चौकटीच्या कडांवर आदळणारा देह याच चढाचे रूप घेतो. त्यामुळे ते दृश्य कथेच्या हिशेबाने अतिरंजित असूनही खोटे वाटत नाही.

माध्यम-अभ्यासक जे. डेव्हिड बोल्टर आणि रिचर्ड ग्रूसिन यांनी १९९९ मध्ये मांडलेली एक कल्पनाही येथे लावून पाहता येते : नवे माध्यम जुन्या माध्यमांना पोटात घेते, आणि असे करताना ते एकाच वेळी स्वतःला अदृश्य करू पाहते आणि मिरवूही पाहते. चित्रकथा, रेखाचित्रपट, छायाचित्रित चित्रपट आणि दूरचित्रवाणी ही चार माध्यमे या व्हिडिओत एकमेकांत बसवलेली आहेत. आरशासारख्या चौकटीचे दृश्य पहिल्या ओढीचे आहे, जणू मध्ये काहीच नाही. चुरगळलेला कागद दुसऱ्या ओढीचा आहे, मध्ये कागदच आहे. मात्र हे वर्गीकरण व्हिडिओला नाव देते, त्याचे बळ कशात आहे ते सांगत नाही. त्यासाठी पुन्हा तारा-प्रतिमेकडेच यावे लागते.

निष्कर्षाच्या मर्यादा

हे प्रकरण प्रयोगशाळेतील तुलनेइतके शुद्ध नाही. दोन व्हिडिओंच्या मध्ये गाण्याचे ध्वनिमुद्रणही बदलले, आणि टार्नी यांचे रूप अधिक भरीव आहे. वॉर्नर या बँडच्या रेकॉर्ड कंपनीच्या अमेरिकेतील कचेरीने दुसऱ्या खेपेला जो पैसा आणि धीर लावला तो पहिल्या खेपेला नव्हता; १६ आठवडे थांबण्याची तयारी हीच मोठी गुंतवणूक होती. शिवाय एमटीव्ही ही वाहिनी तरुण होती आणि नवलाईला भुकेली होती. म्हणून दुसरा व्हिडिओ नसता तर गाणे पडलेच असते, असे येथे म्हणायचे नाही. म्हणायचे इतकेच की मागणी तीच राहून तिला दिलेले उत्तर बदलले, आणि ते उत्तर गाण्यापासून वेगळे काढून तपासता येते.

मात्र त्या उत्तराची किंमतही होती, आणि ती त्यांच्या नंतरच्या एका व्हिडिओत दिसते. ‘द सन ऑल्वेज शाइन्स ऑन टी.व्ही.’ या गाण्याच्या व्हिडिओची सुरुवात त्याच जोडप्यापासून होते. रात्री रानात उभा असलेला नायक पुन्हा रेघांचा होऊ लागतो आणि तिला सोडून पळून जातो. पडद्यावर समाप्तीची पाटी आणि श्रेयनामावली येते, आणि त्यानंतर बँड चर्चमध्ये पुतळ्यांच्या गर्दीसमोर गाताना दिसतो. कथेला इतक्या घाईने आणि इतक्या औपचारिकपणे पूर्णविराम देण्याचे कारण उघड आहे. तिघांच्या बँडमधला एकच जण नायक झाला होता, वाक्टार आणि फुरुहोल्मन बॅरन यांच्या ‘टेक ऑन मी’च्या व्हिडिओत जेमतेम वादक म्हणून होते, आणि वाद्ये हाती घेतलेला बँड म्हणून ओळख मिळवायची तर वादनाच्या दृश्याकडे परतणे भाग होते. हे गाणे जानेवारी १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, म्हणजे तेथे ते आधीच्या गाण्याच्याही पुढे गेले. तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये यूट्यूबवर १ अब्ज दर्शनांचा टप्पा ओलांडला तो ‘टेक ऑन मी’ने, आणि बँडचे नाव काढताच आजही बहुतेकांना आठवतो तो रेखाटलेला हार्केटच, उरलेल्या दोघांचे चेहरे किती जणांना आठवतील, याविषयी मला शंका आहे.